आत्ती, तुझा दगडू

आत्ती,

काल विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाल्यावर एकेक जण उठून तुझ्याबद्दल चार शब्द बोलला. नऊ जण बोलले आणि नऊही जणांनी तुला ‘शांत आणि मितभाषी’ करून टाकलं. मितभाषी म्हणे. नळाला पाणी यायच्या आत सगळ्या आळीची खबर घेऊन येणारी बाई तू. भाजीवाल्याला गवारीच्या शिळेपणावरून त्याच्या आजोबापर्यंत मागे नेणारी. मला हसू आवरेना आणि आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला.

मग हसू गेलं. कारण बोलणाऱ्यांतली निम्मी माणसं आळीत अलीकडे राहायला आलेली होती आणि त्यांनी पाहिलेली आत्ती खरंच कमी बोलायची. ती कशानं कमी बोलायला लागली, ते मला माहीत आहे. त्याची कबुली तुझ्यापाशी द्यायची राहिली. चार वर्षं एका घरात राहून राहिली, म्हणजे मुद्दामच राहिली म्हणायची. म्हणून हे लिहायला बसलोय.

सगळ्यांत शेवटी, दहावे, अण्णा उठले होते. तुझा भाऊ तीन वाक्यं बोलला आणि खाली बसला. त्या तीन वाक्यांनी माझी झोप उडवली आहे. पण ती आत्ता सांगून उपयोग नाही, आधीचं आधी सांगतो.

आपल्या घरी रंगीत टीव्ही आला तो अण्णांच्या मिलिटरी कॅन्टीनच्या कार्डावर. त्याच्यावर तू क्रोशाचा रुमाल टाकलास आणि अण्णांनी तो दोनदा काढला. दोन्ही वेळा तो परत तिथंच सापडला, मग सुभेदारांनी माघार घेतली. (त्यांना घरात ‘सुभेदार’ म्हणायची हिंमत फक्त तुझी. थोरली बहीण ना.) टीव्हीच्या वरच्या भिंतीवर सिद्धार्थचा फोटो होता. तुझा मुलगा, सहा वर्षांचा, कोयनेच्या भूकंपात गेलेला. मी जन्मायच्या आधीची ती गोष्ट. घरात त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे आणि मीही कधी विचारलं नाही. मालक गेल्यावर तू कोयनानगर सोडून आमच्याकडे साताऱ्याला आलीस, तेव्हा एक ट्रंक आणि तो फोटो एवढंच तुझ्याबरोबर होतं, असं आई सांगते.

मग आळीत केबल आली. केबलवाल्यानं आपल्या पत्र्यावरून वायर ओढली आणि त्या वायरीतून दर रविवारी सकाळी दहा वाजता इंग्रजीतून ते कार्टून घरात यायला लागलं. दगडाच्या अंगाचा एक माणूस, डोक्यावर दिव्याचं शिरस्त्राण, मूळचा खाणकामगार. डोंगर त्याच्या अंगावर कोसळला आणि तो दगडाचा होऊन ढिगाऱ्यातून बाहेर आला. आता तो लोकांना संकटातून सोडवतो. त्याच्याबरोबर चष्मा लावलेला, जमीन पोखरणारा एक प्राणी असायचा आणि समोर सिगार ओढणारा एक जाडा खलनायक. आळीतली दहा-बारा पोरं जमायची, पण इंग्रजी कुणाच्या बापाला येत होतं? दोन रविवार सगळे नुसतेच बघत बसले. तिसऱ्या रविवारी तू ज्वारीचं सूप घेऊन मागच्या भिंतीला टेकलीस आणि निवडता निवडता सांगायला लागलीस.

“आता बगा, ठेकेदारानं सुरुंग लावलाय. आत मजूर हायती, त्यास्नी सांगितलंच न्हाई मुडद्यानं. पर दगडूला समजलंय.”

त्या सिगारवाल्याला तू ठेकेदार केलंस, कारण धरणाच्या कामावर तू तसलेच बघितले होतेस. चष्मेवाला प्राणी तुझ्या हिशेबानं घूस. साताऱ्यात जमीन उकरणारं दुसरं आहे कोण? आणि तो दगडाचा माणूस पहिल्या दिवसापासून दगडू. त्याचं इंग्रजी नाव पोरांना ठाऊकच नव्हतं. शाळेच्या वह्यांवर पोरांनी दगडूची चित्रं काढली. मधल्या सुट्टीत दगडू कुणी व्हायचं यावरून मारामाऱ्या झाल्या.

आणि तू काय सांगायचीस, आत्ती. पडद्यावर तो गाडी उचलून फेकायचा आणि तू सांगायचीस की दगडूला सकाळपासून भूक लागलीया, म्हणून त्याचं डोकं फिरलंय. तो दोन मिनिटं इंग्रजीत भाषण द्यायचा आणि तू त्याचं एका ओळीत करायचीस: “म्हनतोय, रडू नगासा, मी हाय.” प्रत्येक भागाच्या शेवटी तो पाठमोरा चालत डोंगराच्या भेगेत शिरायचा. तिथं तुझं वाक्य ठरलेलं असायचं: “चालला घरी. आई वाट बगतीया.” मग पोरं उठायची. समोरची छकुली एकदा अडून बसली होती, दगडूची आई दाखवा म्हणून. तू म्हणालीस, ती चुलीपाशी असते, तिला टीव्हीत यायला सवड नाही.

मी तेव्हा सांगलीला डिप्लोमा करत होतो. महिन्यातून एखाद्या शनिवारी एसटीनं यायचो, येताना तुला भडंग आणायचो. तू ते खाता खाता माझं माप काढायचीस. “डिप्लोमा कराय लागलाय, पर घरचा मिक्सर हुईना दुरुस्त.” आपली भांडणं व्हायची ती अशीच, कशावरूनही. तू ‘बॅट्री’ म्हणायचीस, मी ‘टॉर्च’ म्हण म्हणायचो. तू म्हणायचीस, टॉर्च म्हटल्यानं उजेड जास्त पडतो का. मग मी चिडायचो, तू खूश व्हायचीस.

एक गोष्ट मला तेव्हाही विचित्र वाटायची. अण्णा सिनेमा-नाटकाला पोरखेळ म्हणणारे, पण रविवारी दहाला पेपर घेऊन हमखास खुर्चीत असायचे. एकदा मी छेडलं, अण्णा, तुम्हीपण दगडूचे फॅन झालात काय. ते पेपरमधून वर न बघता म्हणाले, नंतर बातम्या लागतात.

आता त्या रविवारचं सांगतो.

त्याच्या आधीच्या महिन्यात सांगलीत, विश्रामबागला आमच्या खोलीवर, भाड्याचा व्हीसीआर आणि एक कॅसेट आणली होती. कव्हरवर तोच दगडाचा माणूस. पण डोळे लाल, हातांना रक्त आणि खाली ‘केवळ प्रौढांसाठी’. म्हणजे तुमचं रविवारचं कार्टून ज्याच्यावरून काढलं होतं, तो मूळ पिक्चर. मोठ्यांसाठी काढलेला, मारधाडीचा, नको त्या दृश्यांचा. कंपन्यांनी त्याचं रक्त पुसून, जवळ एक चष्मेवाला प्राणी देऊन तो लहान पोरांना विकायला काढला होता. मला जणू मोठा घोटाळा सापडला होता. कधी एकदा साताऱ्याला जातो आणि सांगतो, असं झालं होतं. तेविसाव्या वर्षी माणसाला नवी शिंगं फुटलेली असतात आणि ती कुठं घासायची ते कळत नाही. मी ती तुझ्यावर घासली.

तू सांगत होतीस, दगडू आता घरी चाललाय. त्या खेपेला मी रविवारी सकाळच्याच एसटीनं आलो होतो; दारातच उभा होतो, खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती. मी मोठ्यानं म्हणालो की ते घर नाही, ती खाण आहे, मालकांनी त्याला जिथं गाडून मारलं ती. पोरं माझ्याकडे वळली. त्यांना चेव आला, तसा मलाही आला. मूळ पिक्चरमध्ये तो कुणाला सोडवत-बिडवत नाही, माणसांची डोकी नारळासारखी फोडतो, घूस वगैरे काही नाही, आत्ती मनाचं सांगते, तिला एक अक्षर इंग्रजी येत नाही. सगळं सांगून टाकलं. छकुली रडायला लागली. अण्णांच्या हातातला पेपर खाली आला आणि परत वर गेला.

तू सूप खाली ठेवलंस.

“त्यो मेलाय म्हनतोस?”

“व्हय. मेलेलाच हाय त्यो.”

“पर चालतोय की रं.”

“मढं चालतंय, आत्ती.”

शब्द कुठला वापरला ते मला नेमकं आठवतं, कारण तू त्याच्यावर थांबलीस. माझ्याकडे बघत राहिलीस. रागावली नव्हतीस, राग मला ओळखता आला असता. मग टीव्हीकडे बघितलंस. तिथं आता साबणाची जाहिरात चालली होती. सूप उचलून तू आत गेलीस आणि थोड्या वेळानं स्टोव्हचा आवाज आला. माझ्यासाठी चहा आणलास. त्यात साखर विसरली नव्हतीस, ह्याचं मला आज जास्त वाईट वाटतं.

पुढच्या रविवारी पोरं आली, तेव्हा तू म्हणालीस म्हणे, “आता तुमीच बगा. मला कुठं इंग्लिश येतंय.” हे मला आईनं सांगितलं. पोरं चार-पाच रविवार तशीच बसली, मग क्रिकेटला जायला लागली. दहा वाजता तू मागच्या अंगणात कपडे धुवायला बसायचीस. नळावरची तुझी फेरी आधी लहान झाली, मग बंदच झाली. मला वाटलं, तू फुगलीस. घरात सगळ्यांना मी तसंच सांगितलं, की आत्ती फुगलीय, येईल ताळ्यावर.

आत्ती, तुझ्याबरोबरचे सगळ्यांत चांगले चार दिवस मला मिरजेला मिळाले. तुझ्या मोतीबिंदूच्या वेळी. एका डोळ्याला पट्टी आणि दुसऱ्यानं तसंही धुकंच दिसायचं, त्यामुळं वॉर्डात काय चाललंय ते मी तुला सांगायचं असं ठरलं. मी सांगितलं, समोर एक म्हातारा झोपलाय, खिडकीपाशी एक बाई बसलीय. तू म्हणालीस, “ही काय शिरगणती हाय व्हय? नीट सांग की. खोटं सांगितलंस तरी चालंल, पर नीट सांग.” मग मी त्या म्हाताऱ्याला जतचा मेंढपाळ केलं आणि खिडकीतल्या बाईला त्याची पळून गेलेली सून. ती त्याच्यासाठी मोसंबी घेऊन आलीय आणि बोलायचा धीर होत नाही, असं सांगितलं. तू हसत होतीस, डॉक्टरांनी हसायचं नाही म्हणून बजावलं होतं तरी. चौथ्या दिवशी पट्टी निघाली. तू म्हाताऱ्याकडे बघितलंस, बाईकडे बघितलंस, आणि मला म्हणालीस, सून लय चांगली केलीस रं.

त्याच दिवशी परतीच्या एसटीत, पेठ नाक्याच्या पुढे, मी धीर केला. म्हणालो, आत्ती, ते कार्टूनचं त्या दिवशी मी जरा... तू पुडी माझ्यापुढं धरलीस आणि भडंग खा म्हणालीस. मी खाल्लं. कऱ्हाड आलं, मग उंब्रज आलं, आणि मी खातच होतो. तू विषय टाळलास असं मला तेव्हा वाटलं. खरं तर तू मला सोडवलंस, आणि मीही लगेच सुटून घेतलं.

आता अण्णांची तीन वाक्यं.

विहारात ते ताठ उभे राहिले, पलटणीत हजेरी द्यावी तसे. म्हणाले, “आमच्या आक्काला एक मुलगा होता. शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव सिद्धार्थ आहे, ते मी घातलं. आक्का त्याला दगडू म्हणायची.” आणि बसले. तरण्या मंडळींना काही कळलं नाही. मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्या मात्र पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

घरी आल्यावर मी त्यांच्यापुढं बसलो आणि सगळं विचारलं. त्यांनी सांगितलं, न थांबता, इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सिद्धार्थच्या आधी तुझी दोन बाळं गेली होती, एक बारा दिवसांचं, एक वर्षाचं. तिसरं जगावं म्हणून तू जुन्या बायकांचं ऐकून त्याचं नाव दगडू ठेवलंस. काळ माणसांची पोरं नेतो, दगडाकडे बघत नाही, म्हणून. पोरगं जगलं, सहा वर्षांचं झालं. शाळेत घालायच्या वेळी अण्णा रजेवर आले होते. ते म्हणाले, आपण दीक्षा घेतली ती कशाला, आता आपल्या घरात दगड-धोंडे नकोत, असल्या खुळ्या समजुती तर नकोतच. त्यांनी दाखल्यावर सिद्धार्थ लिहिलं, आणि तुला बजावलं की हाकही तीच मारायची. तू भावाचं ऐकलंस. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि डिसेंबरात भूकंप झाला. घराची दगडी भिंत आत पडली.

अण्णा म्हणाले, मी शिकलेला माणूस आहे, नाव बदलल्यानं कुणी मरत नाही हे मला कळतं. आक्कालाही कळत असणार. ती मला कधी एक शब्द बोलली नाही. पण मी तिच्या ताटासमोर बसून जेवलोय इतकी वर्षं, आणि एक दिवससुद्धा मला ते विसरता आलं नाही. मग रविवारी ती टीव्हीकडे बघून दगडू म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत, तेव्हा मी पेपर तोंडावर धरला. सत्तावीस वर्षांनी तिच्या तोंडून ते नाव ऐकत होतो.

मी खाली मान घालून बसलो होतो. ते म्हणाले, “तू मढं म्हणालास ना, तवा मी तुझ्या कानाखाली जाळ काढणार होतो. पर पयलं नाव मीच पुसलं हुतं. कुठल्या तोंडानं उठू?”

आणखी एक सांगितलं त्यांनी. ढिगारा उपसायला दुपार झाली होती. तू तिथंच उभी होतीस, हलायला तयार नव्हतीस. दगड काढता काढता आधी त्याचा हात दिसला. तू ओरडलीस की हात हलतोय. माणसांनी घाईनं दगड बाजूला केले आणि मग तुला मागे नेलं. सगळे म्हणाले, आक्का, तुला भास झाला. तू त्यावर कधी वाद घातला नाहीस. फक्त दर वेळी शांतपणे म्हणायचीस की हलत होता.

आता माझं ऐक, आत्ती. तुला मिरजेच्या एसटीत सांगायचं होतं ते हे, आणि त्यातलं खरं तर मलाही कालपर्यंत नीट कळलं नव्हतं. मी तो पिक्चर पुरा पाहिलेला नाही. आम्ही कॅसेट लावली आणि चाळीसेक मिनिटांत सांगलीची लाइट गेली. ती संध्याकाळपर्यंत आली नाही आणि कॅसेट परत द्यायची वेळ झाली. डोकी फोडतो, खाणीत गाडलेला, मेलेला, हे सगळं मला खोलीवरच्या एका मित्रानं सांगितलं, आणि तोही दुसऱ्याकडून ऐकून आला होता. इंग्रजी मला तुझ्याइतकंच येत होतं. तू विचारलंस, त्यो मेलाय म्हनतोस? मला माहीत नव्हतं. ‘माहीत नाही, आत्ती’ एवढं म्हणायला काय लागत होतं? दहा पोरांसमोर शहाणा दिसायचं होतं, म्हणून मी व्हय म्हणालो.

मी जे खरोखर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच आता सांगतो. डोंगर कोसळला. बराच वेळ नुसती धूळ होती. मग धूळ बसली आणि दगडांतून एक हात वर आलेला दिसला. त्यानंतर लाइट गेली.

तो हात हलत होता, आत्ती.